जपानी जुगारपटांतील नायिका

पेडणे आणि डिचोली या दोन महालांतील जत्रांना जो कधी रात्रभर थांबला आहे, त्याला एकाच देवळाच्या आवारात दोन निरनिराळे खेळ पाहावयास मिळतात. समोरच्या मांडवात दशावतार रंगात आलेला असतो. पेटी आणि मृदंग यांच्या साथीवर राजे गर्जत असतात, राक्षस मांडव दणाणून सोडत असतात, आणि नऊवारी नेसलेली, भरगच्च दागिने ल्यालेली राणी कमरेला पदर खोचून त्यांना रणांगणात आव्हान देत असते. देवळाच्या मागल्या अंगाला, जरा अंधाराच्या आडोशाने, दुसरा खेळ मांडलेला असतो. तेथे जमिनीवर पट पसरलेला असतो, पत्ते किंवा फासे पडत असतात, आणि नारळ-सुपारीच्या हंगामात हाती आलेला पैसा पाहता पाहता दुसऱ्याच्या खिशात जात असतो. गोव्यात सार्वजनिक जुगाराला मनाई करणारा कायदा १९७६ सालचा. पण जत्रेतला पट त्याहून पुष्कळ जुना, आणि कायद्यालाही तो पुरता उरकलेला नाही.

या दोन्ही खेळांत एक गोष्ट समान आहे. दोन्हीकडे बाई नाही. मांडवातली राणी हा एक पुरुषच असतो. दशावतारी मंडळींत त्याला स्त्रीपार्टी म्हणतात. मागल्या पटाभोवती तर बायकांनी फिरकूही नये असाच दंडक. जपानी चित्रपटाने हे दोन्ही खेळ एका कथेत गुंफले आणि त्यांच्या मधोमध एक खरीखुरी बाई आणून बसविली: पटावर पत्ते वाटणारी, आणि वेळ येताच पात्याला हात घालणारी. १९६६ ते १९७२ या सहा-सात वर्षांत तेथे असे बोलपट डझनावारी निघाले. अकिरा कुरोसावाचे सामुराई आपल्याकडील रसिकांना परिचयाचे आहेत. पण या जुगारी नायिकांची नावे फार थोड्यांना ठाऊक असतील. गोव्याच्या माणसाला मात्र त्यांची ओळख करून घेण्यास एक खास कारण आहे. त्यांच्या हातातले पत्ते ज्या वाटेने जपानात पोचले, ती वाट मांडवीच्या मुखातून गेलेली आहे.

पोर्तुगीज व्यापारी जपानच्या किनाऱ्याला प्रथम लागले ते १५४३ साली, तानेगाशिमा या बेटावर. त्यांच्यापाशी बंदुका होत्या, आणि जपानने बंदूक पाहिली ती तेव्हा पहिल्यांदा. १५४८ साली कागोशिमाचा अंजिरो नावाचा एक जपानी गृहस्थ गोव्यात येऊन बाप्तिस्मा घेता झाला आणि येथल्या सेंट पॉल महाविद्यालयात शिकला. त्यालाच दुभाषी म्हणून बरोबर घेऊन १५४९ च्या एप्रिलात फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघाला आणि ऑगस्टमध्ये कागोशिमाला उतरला. पुढे गोवा, मलाक्का, मकाव आणि नागासाकी अशी गलबतांची ये-जा सुरू झाली. खलाशांच्या खिशांतून जी चीजवस्तू जपानात गेली तीत पत्त्यांचा जोडही होता. पत्त्याला पोर्तुगीजांत ‘कार्ता’ म्हणतात. जपानी जिभेवर त्याचे ‘कारुता’ झाले. पावाचे ‘पान’ झाले, अंगरख्यावरच्या आच्छादनाचे, म्हणजे ‘कापा’चे, ‘काप्पा’ झाले. १६३९ साली पोर्तुगीजांना जपानातून कायमचे हाकलून देण्यात आले, पण पत्ते मागे राहिले.

राज्यकर्त्यांनी जुगाराचे पत्ते म्हणून त्यांवर वारंवार बंदी घातली, आणि प्रत्येक बंदीनंतर लोकांनी त्यांवरची चित्रे बदलली. राजे, तलवारी, मोहरा गेल्या आणि त्यांच्या जागी फुले आली. आज ‘हानाफुदा’ म्हणजे ‘फुलांचे पत्ते’ या नावाने जो जोड ओळखला जातो, त्यात वर्षाच्या बारा महिन्यांची बारा झाडे-फुले आणि प्रत्येकाची चार-चार पाने असतात. एकूण अठ्ठेचाळीस. जुन्या पोर्तुगीज जोडातही चार रंगांची बारा-बारा मिळून अठ्ठेचाळीसच पाने होती. भागाकार उलटा झाला, बेरीज कायम राहिली. ज्या कंपनीच्या विजेच्या खेळांवर आजची मुले तासन्‌तास डोळे लावून असतात, ती निन्तेन्दो कंपनी १८८९ साली क्योतो शहरात निघाली तीसुद्धा हे फुलांचे पत्ते तयार करण्यासाठीच.

‘याकुझा’ हा शब्दही पत्त्यांतलाच. एका खेळात हातातल्या पानांची बेरीज करून शेवटचा आकडा तेवढा धरतात. नऊ आला तर सर्वांत उत्तम, शून्य आला तर सर्वस्व गेले. आठ, नऊ आणि तीन अशी पाने हाती आली की बेरीज वीस, म्हणजे शून्य. आठाला ‘या’, नवाला ‘कु’ आणि तिनाला ‘झा’. याकुझा म्हणजे कुचकामी हात, फुकट गेलेला डाव. जुगाऱ्यांच्या टोळ्यांनी हे नाव स्वतःलाच लावून घेतले, यात एक तऱ्हेचा उद्धट विनोद आहे. आपल्याकडे ओवाळून टाकलेला म्हणतात त्यातलाच हा प्रकार. या टोळ्यांच्या प्रमुखाला बापाची जागा आणि अनुयायांना लेकरांची. नवा माणूस टोळीत घ्यावयाचा तो मद्याचा प्याला एकमेकांत वाटून. त्या प्याल्याने जुळलेले नाते रक्ताच्या नात्याहून मोठे मानावयाचे. दुसऱ्या टोळीच्या दारी जाताना कमरेत वाकून, हाताचा तळवा पुढे करून, आपले गाव, आपला गुरू, आपले नाव ठराविक भारदस्त भाषेत सांगावयाचे. दशावतारातले पात्र मांडवात शिरताच आपला परिचय आपणच देऊ लागते, त्याची आठवण हा विधी पाहताना झाल्यावाचून राहत नाही.

प्रत्यक्षातल्या या टोळ्या म्हणजे जुगार, खंडणी आणि दहशत यांवर पोसलेले लोक होते व आहेत, याविषयी कोणी भ्रम बाळगू नये. परंतु १९६३ च्या सुमारास तोए या चित्रपटसंस्थेने त्यांना एक जुन्या काळचा, वीरश्रीचा मुलामा दिला. कथेचा साचा ठरलेला होता. एक जुन्या वळणाची, शब्दाला जागणारी टोळी. दुसरी सरकारी कंत्राटदारांशी संधान बांधलेली, पैशाला हपापलेली. नायक दोन तास अपमान गिळतो. एका बाजूला ‘गिरी’, म्हणजे उपकाराचे आणि वचनाचे ओझे. दुसऱ्या बाजूला ‘निन्जो’, म्हणजे माणसाच्या काळजातली ओढ. शेवटी एका रात्री तो तलवार काखोटीस मारून शत्रूच्या घराकडे चालू लागतो, आणि थिएटरातला कामगारवर्ग व विद्यार्थी त्या चालण्यालाच टाळ्या देतात. या साच्यात बाईला जागा दोनच होत्या. एक दारात उभी राहून अश्रू गाळणारी, दुसरी मद्यालयात बसून तेच करणारी.

हा साचा प्रथम मोडला तो दुसऱ्याच एका संस्थेने, आणि तोही अपघाताने. दाइए या संस्थेने १९६६ साली ‘ओन्ना नो तोबा’, म्हणजे ‘बाईचा जुगारखाना’, हा चित्रपट हाती घेतला. नायिका म्हणून योजलेली वाकाओ आयाको ही प्रख्यात नटी ऐन वेळी जखमी झाली, आणि तोवर दुय्यम भूमिका करीत असलेल्या एनामी क्योको या उंच, करड्या नजरेच्या तरुणीला ती जागा मिळाली. जुगारखान्यात फासे टाकणारी बाई ही तिची भूमिका. बांबूच्या वाटीत दोन फासे घालून, वाटी पटावर उपडी घालावयाची. सम की विषम, यावर पैसे लागतात. ती वाटी हवेत फिरते तो क्षण, आणि पालथ्या वाटीवर थबकलेला तिचा हात, एवढ्यावर एनामीने प्रेक्षकांचा श्वास रोखून धरला. १९७१ पर्यंत या मालिकेचे सतरा चित्रपट निघाले. त्याच वर्षाच्या अखेरीस दाइए संस्थेचे दिवाळे वाजले आणि मालिकाही संपली. जपानबाहेर हे चित्रपट फारसे गेलेच नाहीत. वास्तविक या सगळ्या प्रकारातले अधिक कोरडे, अधिक खरे चित्रपट ते हेच होत. येथे काळ वर्तमान आहे, वीरश्रीचा धूर कमी आहे, आणि नायिकेचे शस्त्र म्हणजे तिच्या बोटांतली कला. तलवार कोणीही उचलील, पण फासे टाकण्याचे हे कौशल्य वर्षानुवर्षे शिकावे लागते. एनामीला मान्यता मिळाली ती मात्र जुगाराबाहेरच्या भूमिकेने: १९७३ च्या ‘त्सुगारु जोन्गाराबुशी’ या चित्रपटासाठी ‘किनेमा जुन्पो’ या प्रतिष्ठित नियतकालिकाने तिला त्या वर्षीची उत्कृष्ट अभिनेत्री ठरविले.

दाइएचे यश पाहून तोए संस्थेने आपली नायिका उभी केली, आणि ती मात्र जपानभर गाजली. ‘हिबोतान बाकुतो’ ही आठ चित्रपटांची मालिका १९६८ ते १९७२ या काळातली. हिबोतान म्हणजे लालभडक पिओनीचे फूल. फुलांच्या पत्त्यांत हे जून महिन्याचे फूल, त्याच्याभोवती फुलपाखरे. मेइजी काळात, म्हणजे स्थूलमानाने १८६८ नंतरच्या पाऊणशतकाच्या पूर्वार्धात, क्यूशू बेटावरच्या कुमामोतोमध्ये यानो नावाची एक लहानशी टोळी आहे. तिच्या प्रमुखाचा रात्रीच्या अंधारात खून होतो. त्याची एकुलती मुलगी र्यूको हिचे ठरलेले लग्न मोडते. ती टोळी विसर्जित करते, खांद्यावर पिओनीचे फूल गोंदवून घेते, बाईपण सोडल्याचा निश्चय करते, आणि खुन्याच्या हातून पडलेले एक पाकीट एवढाच दुवा घेऊन गावोगावच्या जुगारखान्यांतून त्याचा शोध घेत हिंडते. लोक तिला ओर्यू म्हणतात. कंबरपट्ट्यात आखूड तलवार, बाहीत पिस्तूल. तानेगाशिमावरच्या त्या पोर्तुगीज बंदुकीचे हे दूरचे नातवंडच म्हणावयाचे.

ही भूमिका फुजी जुन्को या १९४५ साली जन्मलेल्या नटीची. तिचे वडील तोएमधले एक बडे निर्माते होते आणि हे याकुझापट प्रामुख्याने त्यांच्याच देखरेखीखाली निघत. म्हणजे पडद्यावरच्या कथेप्रमाणेच येथेही लेक वडिलांच्याच व्यवसायात उतरली. तिच्या चेहऱ्यात एक विलक्षण गोष्ट होती. तो अतिशय शालीन होता, आणि रागावतानाही तो शालीनच राही. कुमामोतोच्या बोलीत, अदबीने, मान लववून ती शत्रूला असे काही सुनावते की तलवारीची गरजच वाटू नये. बोलीचा हा उपयोग लक्षात घेण्याजोगा आहे. जपानी प्रमाणभाषेत बाईची बोलण्याची ढब पुरुषाहून निराळी, मऊ आणि नमती. ओर्यूची प्रांतिक बोली तिला त्या पेचातून सोडविते. पेडण्याच्या बाईने पुणेरी पुस्तकी मराठीत भांडावयाचे ठरविले तर तिची निम्मी धार जाईल. आपल्या बोलीत ती भांडू लागली म्हणजे समोरचा दोन पावले मागे सरतो. तसाच हा प्रकार.

या आठांपैकी जाणकार ज्यांना उत्तम मानतात ते तीन काटो ताई या दिग्दर्शकाचे. कॅमेरा जवळजवळ जमिनीला टेकवून माणसांकडे खालून पाहण्याची त्याची पद्धत. ‘हानाफुदा शोबू’ या १९६९ च्या चित्रपटात ओर्यू एका आंधळ्या मुलीला आगगाडीखाली सापडता सापडता वाचविते. मागाहून कळते की, त्या मुलीची आई ओर्यूचेच नाव धारण करून, लबाडीने जुगार खेळून पोट भरते आहे. तोतयाचे पारिपत्य व्हावयाचे तो येथे एका आईची दुसऱ्या बाईला ओळख पटते. १९७० च्या ‘ओर्यू सान्जो’मध्ये ती याच अनाथ झालेल्या मुलीला शोधीत तोकियोच्या आसाकुसा भागात येते. त्यात एका पुलावरचा प्रसंग आहे. बर्फ पडत आहे. मेलेल्या बहिणीच्या अस्थी घेऊन गावाकडे निघालेल्या एका माणसाला ती निरोप देते. तिच्याजवळचे एक संत्रे निसटून बर्फावरून घरंगळत जाते. ती ते उचलते, पुसते आणि त्याच्या हाती ठेवते. प्रेमाचा शब्दही उच्चारला जात नाही. पांढऱ्या बर्फावरचे ते एक केशरी संत्रे जपानी प्रेक्षक अद्यापि विसरलेले नाहीत.

तथापि एक उणीव उघड आहे आणि ती झाकण्याचे कारण नाही. मालिकेच्या प्रत्येक भागात शेवटच्या लढाईला ओर्यूच्या जोडीस कोणी तरी मोठा नट उभा केलेला असतो. ताकाकुरा केन, त्सुरुता कोजी, सुगावारा बुन्ता अशी ही आळीपाळीची हजेरी. तिकिटाच्या खिडकीवर एकट्या बाईचे नाव पुरेल असा भरवसा निर्मात्यांना नव्हता, असा याचा अर्थ कोणी काढला तर त्याला खोटे म्हणता येणार नाही. तो पुरुष पुष्कळदा तिच्या मांडीवर मान टाकतो आणि ती पुन्हा एकटी वाटेला लागते. जगण्याचा मान तिला मिळतो. घराचा मिळत नाही.

तिच्याच दुसऱ्या एका कमी प्रसिद्ध मालिकेत या एकाकीपणाला अधिक खोल अर्थ आला आहे. ‘ओन्ना तोसेइनिन’ म्हणजे ‘भटकी जुगारी बाई’ या नावाचे दोनच चित्रपट १९७१ साली निघाले. दुसऱ्यात जुगारखान्यातल्या भांडणात तिच्या हातून एका तरुणाचा प्राण जातो. ती त्याच्या गावी, समुद्रकाठच्या त्याच्या आईबापांच्या दारी, ही वार्ता सांगावयास जाते. आई आंधळी आहे, आणि ती या अनोळखी मुलीलाच सून मानून, लेक मानून पोटाशी धरते. खुनाचा सूड हा या चित्रपटांचा नेहमीचा विषय. येथे जिने जीव घेतला तिलाच माया मिळते आणि ती माया तिला सोसवत नाही. नवख्या प्रेक्षकाने ओर्यूच्या आधी हाच चित्रपट पाहावा.

निक्कात्सू संस्थेची तऱ्हा वेगळी. इशिई तेरुओ या विक्षिप्त दिग्दर्शकाने १९७० साली काजी मेइको हिला घेऊन केलेल्या चित्रपटात टोळीची प्रमुख बाई, तिच्या खालोखालच्या साथीदारही बायका, आणि त्या ओळीने पाठमोऱ्या उभ्या राहिल्या म्हणजे त्यांच्या पाठींवरच्या गोंदणांतून एकच अखंड अजगरासारखा सर्प-राक्षस तयार होतो. एका झटापटीत नायिकेच्या हातून शत्रूच्या बहिणीचे डोळे जातात, आणि ती आंधळी मुलगी वर्षांनी सूड घ्यावयास परत येते. भुताखेतांचा मसाला त्यात इतका आहे की कथा मधूनच भलतीकडे वाहवते. पण बायकांची ही टोळी, आणि वैरही बाईचे बाईशीच, ही कल्पना इतर संस्थांच्या आटोक्याबाहेरची होती.

आता जपानचा विचार जरा मागे नेला म्हणजे दशावताराशी असलेले त्याचे नाते उलगडते. काबुकी हे तेथले प्रसिद्ध नाट्य सुरू केले ते ओकुनी नावाच्या एका स्त्रीने, १६०३ च्या सुमारास, क्योतो शहरात. ती पुरुषी वेष करी, कमरेला तलवार लावी आणि रस्त्यावरच्या उनाड, भडक कपड्यांतल्या दांडग्यांची नक्कल करी. ‘काबुकी’ हे नाव त्या दांडग्यांवरूनच पडले. जुन्या चित्रांत तिच्या गळ्यात क्रूसही दिसतो, तो श्रद्धेपोटी नव्हे तर त्या वेळची परदेशी फॅशन म्हणून. म्हणजे ओर्यूची मूळ पणजी तीच. पण १६२९ साली सरकारने स्त्रियांना रंगभूमीवर येण्यास बंदी केली आणि बाईने जन्मास घातलेले नाट्य पुरुषांचे झाले. स्त्रीभूमिका करणाऱ्या नटांची एक स्वतंत्र परंपराच निर्माण झाली, आणि जपानी मूकपटांतही १९२० च्या सुमारापर्यंत नायिका म्हणून पुरुषच वावरत. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झालेले अण्णा साळुंके हेही पुरुषच होते. मात्र फाळक्यांनी त्यानंतरच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमला या मायलेकींना पडद्यावर आणले.

पेडणे-डिचोलीचा इतिहास या बाबतीत मोठा चमत्कारिक आहे. हा मुलूख अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांचा; डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. त्यामुळे देवळे टिकली, जत्रा टिकल्या, दशावतार टिकला. येथल्या देवता पाहाव्या तर बहुतेक स्त्रिया, आणि त्याही तापट. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई या सख्ख्या बहिणी, आणि वायंगिणीचा खेतोबा हा त्यांचा भाऊ, अशी लोकांची श्रद्धा. लईराईने रागाच्या भरात भावाला लाथ मारली आणि त्याचे प्रायश्चित्त म्हणून ती निखाऱ्यांवरून चालली, असे सांगतात. वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावात तिचे धोंड आजही निखारे तुडवितात. बहिणीचा राग, तिची चूक आणि तिने स्वतःच स्वतःला केलेली शिक्षा: ही तर शुद्ध ओर्यूची कथा आहे. दशावताराच्या आख्यानांतही अर्जुनाचा घोडा अडविणारी स्त्रीराज्याची प्रमिला आहे, महिषासुराला मारणारी देवी आहे. परंतु तलवार हाती देण्याची वेळ आली म्हणजे ती पुरुषाच्या हाती. ज्या बाया गात-नाचत, त्यांना कलावंत म्हणून बाजूस काढलेले. पेडणे महालातल्या मालपे गावी १८८३ साली जन्मलेल्या अंजनीबाई मालपेकर मुंबईत भेंडीबाजार घराण्याच्या थोर गायिका झाल्या, आणि १९५८ साली संगीत नाटक अकादमीचे सर्वोच्च सदस्यत्व मिळविणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्यांच्या गावच्या मांडवात मात्र राणीची भूमिका त्यांना कोणी दिली नसती.

पडद्यावर ही तलवार प्रथम ज्यांनी उचलली त्यांपैकी एका स्त्रीचे घराणे मूळचे गोव्याचेच. दुर्गाबाई खोटे माहेरच्या लाड. मुंबईत कांदेवाडीच्या एकत्र कुटुंबात वाढल्या, घरची बोली कोकणी. प्रभात कंपनीच्या १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये त्या तारामती झाल्या. सुशिक्षित, प्रतिष्ठित घरातल्या बाईने बोलपटात काम करावे ही त्या वेळी सामान्य गोष्ट नव्हती. त्याच वर्षीच्या ‘माया मच्छिंद्र’मध्ये त्या स्त्रीराज्याच्या राणी किलोतला झाल्या, बाजूला चित्ता बसलेला. आणि १९३६ साली व्ही. शांताराम यांनी ‘अमर ज्योती’ काढला. हा चित्रपट केवळ हिंदीत निघाल्यामुळे मराठी रसिकांच्या आठवणीत तो ‘कुंकू’ किंवा ‘माणूस’ यांच्यासारखा राहिला नाही, आणि हे दुर्दैव म्हणावयास हवे. कारण ओर्यूच्या आधी बत्तीस वर्षे एका मराठी संस्थेने येथे टोळीची नायिका उभी केली होती.

तिचे नाव सौदामिनी. आपल्या मुलावर आईचा हक्क आहे असे ती मागते, आणि राज्याचा न्यायमंत्री दुर्जय कायद्यावर बोट ठेवून तो नाकारतो. ती समुद्रावर निघून जाते आणि चाच्यांची प्रमुख होते. राणीच्या गलबतावर हल्ला करून ती दुर्जयाला पकडते आणि त्याचा पाय तोडून टाकते. दुर्जयाच्या भूमिकेत चंद्रमोहन, त्यांचे ते विलक्षण घारे डोळे. पेटाऱ्यात लपून राहिलेल्या राजकन्येच्या भूमिकेत शांता आपटे. संगीत मास्टर कृष्णरावांचे, कथा के. नारायण काळे यांची. एक वर्ष आधी मुंबईत वाडिया मूव्हीटोनने ‘हंटरवाली’ काढून नादियाच्या हाती चाबूक दिला होता आणि त्याला तुफान गर्दी झाली होती. नादिया वडिलांच्या सुटकेसाठी लढते आणि तिचा विजय गोड आहे. सौदामिनीचा प्रश्न कडू आहे. आईला मुलावर हक्क का नाही, हे ती विचारते, आणि ज्या काळी हिंदू कायद्यात त्याला सरळ उत्तर नव्हते त्या काळी विचारते. ओर्यू बापाचा सूड घेण्यासाठी बाईपण सोडते. सौदामिनी आईपण नाकारले गेले म्हणून शस्त्र घेते. जपानी नायिका आपल्या टोळीचा जुना धर्म राखण्यासाठी लढते, प्रभातची नायिका धर्मशास्त्र आणि राजशासन या दोहोंवरच चालून जाते. हिमतीच्या मापाने पाहिल्यास ‘अमर ज्योती’चे पारडे जड ठरते, सफाईच्या मापाने अर्थातच तोएचे.

प्रत्यक्ष जपानी टोळ्यांत बाईला पदच नव्हते. फक्त एकदा, देशातल्या सर्वांत मोठ्या यामागुची टोळीचा तिसरा प्रमुख ताओका काझुओ १९८१ साली मरण पावल्यावर, पुढचा प्रमुख ठरेपर्यंत त्याच्या विधवेने सूत्रे सांभाळली. १९८४ साली नवा प्रमुख झाला. चित्रपटांनी याची नोंद घेतली नसती तरच नवल. १९८१ साली सोमाई शिन्जी याने शाळेच्या गणवेषातल्या मुलीला एका मोडकळीस आलेल्या टोळीची प्रमुख करून तिच्या हाती मशीनगन दिली, आणि १९८६ साली गोशा हिदेओने ‘गोकुदो नो ओन्नाताची’ या चित्रपटात टोळीप्रमुखांच्या बायकांवरच सारा प्रकाशझोत टाकला. इएदा शोको या लेखिकेने प्रत्यक्ष त्या बायकांत वावरून लिहिलेल्या वृत्तान्तावर तो आधारलेला होता. इवाशिता शिमा त्यात तुरुंगात पडलेल्या नवऱ्याची गादी चालविते.

ओर्यू मात्र तोवर पडद्यावरून गेली होती. १९७२ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, यशाच्या शिखरावर असताना फुजी जुन्कोने लग्न केले आणि चित्रपट सोडला. तिच्या निरोपासाठी तोएने आपले झाडून सारे नट गोळा करून एक खास चित्रपट काढला. पुढच्याच वर्षी फुकासाकू किन्जीच्या रांगड्या, वार्तापटासारख्या याकुझापटांनी वीरश्रीचा जुना मुलामा खरवडून काढला, आणि त्या नव्या जगात सन्मानाने पत्ते वाटणाऱ्या बाईला कामच उरले नाही. फुजी काही वर्षांनी फुजी सुमिको या नावाने अभिनयात परतली, पण तलवारीकडे नव्हे.

तिचा पती काबुकीच्या थोर घराण्यातला नट. १९७३ पासून सातवा ओनोए किकुगोरो या नावाने ओळखला जाणारा. म्हणजे पडद्यावरची ही मर्दानी बाई त्या घरात सून म्हणून गेली, जेथे रंगभूमीवर बाई पुरुषच होतात. तिला दोन मुले झाली. मुलगा परंपरेप्रमाणे लहानपणीच रंगभूमीवर गेला, आणि २०२५ साली आठवा किकुगोरो झाला. थोरली मुलगी तेराजिमा शिनोबू हिला ते दार बंद होते. ती नाटक-चित्रपटांत गेली, आणि ‘कॅटरपिलर’ या चित्रपटासाठी २०१० साली बर्लिनच्या महोत्सवात तिने उत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक मिळविले. २०२३ च्या मे महिन्यात तिचा लहान मुलगा काबुकीच्या रंगमंचावर उभा राहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तोकियोच्या काबुकीझा या मुख्य नाट्यगृहात, यामादा योजी या ज्येष्ठ चित्रपट-दिग्दर्शकाने बसविलेल्या नाटकात, ओर्यूची ही लेक एका जुगारी माणसाच्या सोशीक बायकोच्या भूमिकेत आली.